खर्ज

मिरजेत आमचं घर सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी होतं. शाळा सुटली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून मी तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर बसायची. आत भोपळ्यांची रास रचलेली असे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, वाळून लाकडासारखे टणक झालेले, आतून पूर्ण रिकामे. दुकानाचे मालक, ज्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची, घोडीवर कानस फिरवत जवारी काढत बसलेले असत. तंबोऱ्याला चार तारा. एक पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि शेवटचा खर्ज. पहिल्या तिन्ही तारा ते चटकन उरकायचे. खर्जाशी मात्र त्यांचा हात रेंगाळायचा. तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं, घोडीवरचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. गिऱ्हाईक घाईत असलं तरी चाचांना घाई नसे. मला म्हणायचे, "आधी हिला ऐक, पोरी. ही बोलली की बाकीच्या आपोआप बोलतात."

सिम्फनी ऐकायचं माझं शिक्षण त्या पायरीवर सुरू झालं, असं आता मला वाटतं.

अण्णा मिशन हॉस्पिटलमध्ये कंपाउंडर होते. १९८१ साली तिथलं एक परदेशी डॉक्टर जोडपं कायमचं मायदेशी निघालं आणि जाताना त्यांनी घरातलं सामान वाटून टाकलं. कुणाला कपाट मिळालं, कुणाला सायकल. अण्णांच्या वाट्याला कॅसेटींनी भरलेलं बुटांचं खोकं आलं. कोऱ्या कॅसेटी आम्हाला सहज परवडत नसत. या कॅसेटींवर रेडिओवरचे अभंग उतरवून घ्यायचे असा अण्णांचा बेत होता, आणि एकेक करत त्यांनी तो पुरा केलाही. एका कॅसेटीवर मात्र मी हट्टाने हक्क सांगितला. साठ मिनिटांची ती कॅसेट कुणीतरी तबकडीवरून उतरवून घेतलेली होती. पट्टीवर पेन्सिलीने तीन शब्द आणि एक आकडा होता. मी ते शब्द ड्व्होरॅक, केरटेझ, व्हिएन्ना असे वाचले. आकडा नऊ होता. पहिलं नाव द्वोर्झाक आणि दुसरं केर्तेस असं म्हणतात, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. तोवर ते संगीत मला पाठ झालं होतं.

टू-इन-वनवर ती कॅसेट मी पहिल्यांदा लावली तेव्हा काय धरावं तेच कळेना. शब्द नाहीत, ठेका नाही, एक गवई नाही. पितळेचा गोंगाट, मग तारांचा, मग दोन्हींचा. पहिला भाग संपला आणि दुसऱ्याची सुरुवात झाली. दुसऱ्या भागाला लार्गो म्हणतात, म्हणजे अगदी विलंबित. सुरुवातीला पितळी वाद्यांचे मोजके सूर एकामागून एक येतात. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर ते पांढरी तीनपासून निघतात आणि अनोळखी वळणं घेत काळी एकवर येऊन थांबतात. काळी एक ही माझ्या ओळखीची जागा होती. चाचांकडे पुरुष गवयांसाठी जे तंबोरे बनत त्यांतले कितीतरी त्याच पट्टीत लागत. घरी परतल्यासारखं वाटलं. मग एका वाद्यानं एक साधी, लांब, एकटी धून सुरू केली. सनईच्या घरातलंच कुणीतरी असावं पण गळा भरून आलेलं, असं ते वाद्य वाटलं. माझा अंदाज फार चुकला नव्हता. त्याचं नाव इंग्लिश हॉर्न. ओबोचा थोरला भाऊ, आणि सनईसारखंच दोन पात्यांच्या पत्तीतून वाजणारा.

धुनेच्या तिसऱ्या ओळीत कॅसेटची फीत एका ठिकाणी चुरगळलेली होती. तिथे सूर क्षणभर लडबडायचा आणि सावरायचा. किती वर्षं मी ते लडबडणं धुनेचाच भाग समजत होते. गाणारा माणूस एखाद्या शब्दाशी अडखळतो तसं. शेवटी ती धून तारवाद्यांकडे येते आणि मध्येच तुटते. थांबते. पुन्हा दोन सूर पुढे जाते, पुन्हा थांबते. मग वरच्या पट्टीतल्या तारा विरत जातात. त्यानंतर माझ्या कॅसेटवर नुसती फितीची सरसर होती आणि मग बटण खट्‌कन वर यायचं. लार्गो असा संपतो, असं मी धरून चालले होते. विरत जाणाऱ्या तारा, सरसर, खट्.

समोर बसून ऐकलेलं संगीत मला माहीत होतं. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. चिंचेच्या झाडाखाली, रात्रभर. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि मिरजेतच त्यांना दफन केलं. तिथे अण्णांच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत मी कितीतरी गाणं ऐकलं. गवई आधी तंबोरे लावून घेतो, लावता लावता साथीदाराशी बोलतो, पाणी पितो, आणि मग कधीतरी गाणं सुरू होतं, हे मला ठाऊक होतं. कॅसेटवरच्या या माणसांना मात्र चेहरे नव्हते. मी ते त्यांना दिले. इंग्लिश हॉर्न वाजवणारा म्हणजे मिरज जंक्शनच्या फलाटावर रात्रीच्या गाडीची वाट बघत बसलेला एक म्हातारा, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

पुढे पुण्यात शिकताना द्वोर्झाकबद्दल वाचलं, तेव्हा त्या म्हाताऱ्याची फार आठवण झाली. आंतोनिन द्वोर्झाक हा बोहेमियातल्या नेलाहोझेवेस या खेड्यातल्या खाटकाचा मुलगा. जन्म १८४१ चा. तो लहान असतानाच गावातून रेल्वे गेली आणि जन्मभर त्याला आगगाड्यांचं वेड लागलं. प्रागमध्ये नामवंत झाल्यावरसुद्धा तो स्टेशनवर जाऊन इंजिनांचे नंबर बघायचा, वेळापत्रकं पाठ करायचा. १८९२ मध्ये तो न्यूयॉर्कला एका संगीतशाळेचा संचालक म्हणून गेला, आणि तिथेच ही नववी सिम्फनी लिहिली गेली. नाव 'नव्या जगातून'. १६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये आंतोन झाइडलच्या संचालनाखाली ती पहिल्यांदा वाजली. लार्गो संपल्यावर लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की द्वोर्झाकला आपल्या बॉक्समध्ये उभं राहून वाकून मानवंदना घ्यावी लागली. लार्गोची धून कृष्णवर्णीयांच्या जुन्या भक्तिगीतावरून घेतली असं आजही कितीजण सांगतात. खरं उलटं आहे. हॅरी बर्ली हा कृष्णवर्णीय विद्यार्थी द्वोर्झाकला ती भक्तिगीतं गाऊन दाखवायचा, त्यांचं वळण त्याच्या कानात बसलं होतं हे खरं. पण धून द्वोर्झाकची स्वतःची. तिच्यावर शब्द बसवले ते त्याच्याच एका शिष्यानं, १९२२ मध्ये, आणि मग ते गाणं जुन्या भक्तिगीतांत जाऊन मिसळलं.

आणखी एक गोष्ट वाचली आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटली. नाव होण्याआधी जवळजवळ दहा वर्षं द्वोर्झाक प्रागच्या नाट्यगृहातल्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवत होता. व्हायोला मधलं वाद्य. धून क्वचितच त्याच्याकडे येते. तो माणूस वाद्यवृंदाच्या पोटात बसून, दुसऱ्यांची धून भरत, आपली पाळी येण्याची वाट बघत तरुण झाला. हे वाचलं तेव्हा त्याचं महत्त्व मला पुरतं कळलं नव्हतं. ते कळलं नरीमन पॉइंटला.

मुंबईत नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये उभा राहिला. नरीमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तो उभा केला. त्यात कझाकस्तानातून आणि इतर देशांतून आलेले वादक बरेच, आपले थोडे, पण ते थोडे हळूहळू वाढताहेत. मुंबईला हा नाद काही अगदी नवा नव्हता. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्येच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. आणि १९५८ मध्ये मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी गोव्याचे आणि मुंबईचे वादक एकत्र करून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात आपली रचना वाजवली, तेव्हा लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. हिंदी सिनेमातल्या ज्या व्हायोलिनच्या लाटा ऐकत आपण मोठे झालो, त्या वाजवणारे हात बहुतेक गोव्याचेच होते. त्यांची नावं तबकड्यांवर छापली गेली नाहीत, याची मला आजही चुटपुट लागते.

तर, एका फेब्रुवारीत एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहाच्या बाहेर फलकावर मला 'द्वोर्झाक ९' दिसलं. मी सगळ्यांत स्वस्त तिकीट काढलं. वर, बाजूला. तिथून रंगमंच तिरपा दिसत होता आणि उजव्या कडेचे डबल बास अगदी समोर येत होते. माणसाहून उंच सहा वाद्यं, आणि त्यांच्यामागे उभे सहा जण.

पहिली आठवण राहिली ती स्वर लावण्याची. गलका चालला होता, मग तो थांबला, आणि ओबोनं एकट्यानं एक सूर दिला. पांढरी सहा. तो सूर धरून आधी फुंकीची वाद्यं लागली, मग तारवाद्यं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हे मी ओळखत होते. चिंचेच्या झाडाखालचे तंबोरे असेच लागायचे. कॅसेटवर हे कधीच नव्हतं. माझ्या त्या कॅसेटवर द्वोर्झाक लावलेल्या वाद्यांनिशी एकदम सुरू व्हायचा, जणू ती वाद्यं बेसूर होऊ शकतच नाहीत.

मग सिम्फनी सुरू झाली आणि मी जे बघत राहिले ते न वाजवणाऱ्या माणसांना. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सत्तर-ऐंशी माणसं मंचावर असतात आणि त्यांतली कितीतरी बराच वेळ गप्प बसलेली असतात. ट्यूबावाला पहिला भाग संपेपर्यंत मांडीवर वाद्य घेऊन तसाच बसून होता. या सिम्फनीत ट्यूबा फक्त लार्गोत वाजतो, तोही सुरुवातीच्या आणि शेवटच्या त्या पितळी सुरांत, मोजके स्वर. तेवढ्यासाठी तो माणूस कपडे करून आला होता. झांजांचं तर त्याहून विलक्षण. चौथ्या भागात झांज एकदाच वाजते. एकदाच. तीही जोरात आदळून नाही, हलकेच, दोन पत्रे एकमेकांवरून सरकावेत तशी. कॅसेटवर मी ती झांज शेकडो वेळा ऐकली असणार, आणि एकदाही ऐकली नव्हती. नाट्यगृहात ती येण्याच्या कितीतरी आधी तो वादक हळूच उभा राहिला, झांजा हातात घेतल्या, आणि मला कळलं की काहीतरी येणार आहे. त्याचं उभं राहणं हेसुद्धा संगीतात धरायला हवं, असं माझं ठाम मत आहे. द्वोर्झाकनं ते नक्कीच धरलं असणार. व्हायोलाच्या खुर्चीत दहा वर्षं बसलेल्या माणसाला गप्प बसणाऱ्याचं मोल माहीत असतं.

लार्गो. पितळी सूर काळी एकवर येऊन टेकले. इंग्लिश हॉर्न वाजवणारी एक तरुण मुलगी होती, माझ्या फलाटावरच्या म्हाताऱ्याशी तिचं काहीच साम्य नव्हतं. तिनं श्वास घेतला तेव्हा तिचे खांदे वर गेले, आणि वर बसलेल्या मीही श्वास घेतला. तिसरी ओळ आली. माझा कान लडबडण्याची वाट बघत होता. सूर सरळ गेला. इतका सरळ की क्षणभर मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सरळपणाचंच समाधान वाटलं.

शेवटाकडे धून तारांकडे आली आणि तुटली. कॅसेटवर त्या तुटण्यात सरसर भरलेली असे. इथे तुटलं तिथे काहीच नव्हतं. हजारभर माणसांच्या सभागृहात काहीच नव्हतं. गज तारांवरून उचललेले, तसेच हवेत. सगळे त्या एका जागेशी थांबलेले. मग धून पुढे गेली, पुन्हा थांबली, आणि वरच्या तारा विरल्या. माझ्या हिशेबाने आता खट् व्हायला हवं होतं.

त्याऐवजी ते सहा डबल बास वाजले.

दुसरं कुणीही नाही, फक्त तेच. चार भागांत वाटून दिलेले, एकमेकांवर रचलेले खालचे सूर, अगदी हळू. लार्गोचा शेवट द्वोर्झाकनं त्यांच्या हाती दिला आहे. हा शेवट मला तीसेक वर्षं माहीतच नव्हता. तो ऐकू येण्याआधी लाकडी कठड्यावर ठेवलेल्या तळहाताला जाणवला. काळी एकचा तंबोरा, खर्जाची तार. चाचा ती छेडून डोळे मिटून बसायचे तशी मी बसून राहिले. ते सूर संपल्यावर एक श्वासभर शांतता होती, मग मागून काही टाळ्या पडल्या. भागांमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांवर जाणकार डोळे वटारतात. मला ते पटत नाही. न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रयोगात लोकांनी नेमक्या इथेच टाळ्या दिल्या होत्या आणि द्वोर्झाकनं त्या उभं राहून घेतल्या होत्या. एवढंच वाटतं की आधी डबल बास पुरते थांबू द्यावेत.

त्या रात्री मी माझ्या कॅसेटवर रागावले. तिनं माझ्यापासून शेवट लपवला होता असं वाटलं. दुसऱ्या शनिवारी काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये गेले. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा सुरू होतं. इस्त्वान केर्तेस यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेलं १९६१ चं तेच ध्वनिमुद्रण सीडीवर मिळालं. घरी येऊन चांगल्या हेडफोनवर लार्गोचा शेवट लावला. डबल बास होते. स्पष्ट, चार आवाजांत, काळोखासारखे मऊ. ते पहिल्यापासून तिथेच होते. आमच्या टू-इन-वनच्या चार इंची स्पीकरला इतका खालचा सूर बोलताच येत नव्हता, आणि उतरवून घेतलेल्या फितीच्या सरसरीत उरलेसुरले बुडून गेले होते. दोष मुद्रणाचा नव्हताच. माझ्या डोक्यात लडबडणारी ती तिसरी ओळसुद्धा तिथे नितळ होती.

ध्वनिमुद्रणाला पहिल्यापासून सगळ्यांत जड गेला तो खर्जच. १९२५ च्या सुमाराला विजेवर चालणारे माइक आले. त्याआधी सगळा वाद्यवृंद एका कर्ण्यासमोर दाटीवाटीनं बसवावा लागे. डबल बासचा आवाज त्या कर्ण्यात शिरतच नसे, म्हणून कितीदा त्यांच्याऐवजी ट्यूबा वाजवून घेत. १९१३ मध्ये आर्टुर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर बेथोव्हनची पाचवी सिम्फनी मुद्रित केली. संपूर्ण सिम्फनीच्या अगदी सुरुवातीच्या मुद्रणांपैकी ते एक. ती ऐकताना लांबच्या घरात कुणीतरी मोठ्यानं बोलतंय आणि शब्द कळत नाहीत असं वाटतं. तरीही लोकांनी त्या तबकड्या विकत घेतल्या, दर चार-पाच मिनिटांनी उठून उलटल्या, आणि जे कर्ण्यात शिरलं नव्हतं ते मनानं भरून काढलं. मिरजेत मीही तेच केलं होतं. समोर बसून ऐकलं तेच खरं, मुद्रण म्हणजे वाळलेलं फूल, असं म्हणणारे रसिक मला भेटतात. मला ते कृतघ्नपणाचं वाटतं. त्या खरखरीत कॅसेटनं मला पाठ करून ठेवलं नसतं, तर नरीमन पॉइंटला शेवटचे ते सूर नवे आहेत हे मला कळलंच नसतं. ज्याला सगळं आधीपासून माहीत असतं त्यालाच न माहीत असलेलं ऐकू येतं.

मग केर्तेस यांच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. १९२९ मध्ये बुडापेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्म. नातलगांतले बहुतेक महायुद्धातल्या संहारात गेले. १९५६ च्या उठावानंतर देश सोडला. हे मुद्रण केलं तेव्हा तिशी नुकती ओलांडली होती. आता ऐकताना त्यातली घाई, तारुण्य, पहिल्या भागात घोडा सुटल्यासारखं धावणं, हे सगळं त्या वयाचं आहे असं जाणवतं. पुढे लंडनमध्ये त्यांनी द्वोर्झाकच्या नऊही सिम्फनी मुद्रित केल्या. त्यांतली नववी जास्त विचारी आहे, पण माझं मन १९६१ च्याच नववीवर आहे.

आणि ज्या हवेत ते मुद्रण झालं तिचीही गोष्ट आहे. डेक्का कंपनी व्हिएन्नात झोफिएनझालमध्ये मुद्रण करायची. ती इमारत मुळात स्नानगृह म्हणून बांधलेली. आत पोहण्याचा मोठा तलाव. हिवाळ्यात तलावावर फळ्या टाकून त्यावर नाच व्हायचे, स्ट्राउस मंडळींचे वॉल्ट्झ वाजायचे. पुढे जमीन कायमची घातली तरी खालची तलावाची पोकळी तशीच राहिली. वर कमानदार छत, खाली रिकामा तलाव, आणि मध्ये लाकडी जमिनीवर वाद्यवृंद. त्या सभागृहातल्या आवाजाच्या गोलाईचं श्रेय जाणकार त्या पोकळीला देतात. वाग्नरची 'रिंग' ही ऑपेरामालिका संपूर्ण स्टुडिओत पहिल्यांदा मुद्रित झाली तीही इथेच, १९५८ ते १९६५ या काळात. हे वाचताना मला एकदम चाचांचं दुकान दिसलं. लाकडी तबलीखाली रिकामा भोपळा. मिरजेच्या कारागिराला झोफिएनझालचं रहस्य समजावून सांगावं लागलं नसतं.

२००१ च्या ऑगस्टमध्ये झोफिएनझाल जळालं. काही वर्षांनी मुलगा म्युनिकला शिकत होता, तेव्हा त्याच्याकडे गेले असताना मी गाडीनं व्हिएन्नाला जाऊन आले. मार्क्सरगासे नावाच्या रस्त्यावर पुढची भिंत उभी होती. मी तिच्यासमोर थोडा वेळ उभी राहिले, भिंतीला हात लावला, आणि निघाले. संध्याकाळी मुझिकफेराइनमध्ये मागच्या बाजूला उभ्यानं ऐकण्याचं तिकीट मिळालं. १८७० चं ते सोनेरी सभागृह. तिथेही जमिनीखाली पोकळी आहे आणि छत वरून टांगलेलं आहे. पुढच्या माणसांच्या पाठींमुळे मला वादक जवळजवळ दिसलेच नाहीत. पण डबल बास सुरू झाले की तळपायांना कळत होतं. मिरजेतल्या कॅसेटवरचे वादक या गावचे, याच लाकडावर उभे राहणारे, एवढंच मनात येत होतं. तिथल्या वाजवण्याचं वर्णन मी करत नाही. त्या रात्री मी नीट ऐकलं नाही, फार भरून आलं होतं.

माझ्याजवळ केर्तेस यांचं आणखी एक मुद्रण आहे. ब्राम्सनं हायडनच्या मानल्या गेलेल्या धुनेवर केलेले विस्तार, वाद्यवृंद पुन्हा व्हिएन्ना फिलहार्मोनिक. १९७३ च्या एप्रिलमध्ये हे काम अर्धवट असताना केर्तेस कार्यक्रमांसाठी इस्रायलला गेले होते. तिथे हर्झलियाच्या किनाऱ्यावर पोहताना ते बुडाले. वय त्रेचाळीस. विस्तारांपैकी शेवटचा भाग मुद्रित व्हायचा राहिला होता. वादकांनी दुसरा संचालक बोलावला नाही. ते झोफिएनझालमध्ये जमले, संचालकाची जागा रिकामी ठेवली, आणि शेवटचा भाग आपापसांत ऐकत वाजवून पुरा केला.

तो भाग पाच बारच्या एका छोट्या ओळीवर बांधलेला आहे. ती ओळ खाली सारखी फिरत राहते आणि वर बाकीचं सगळं उभं राहतं. ती सुरू होते चेलो आणि डबल बासपासून, अगदी हळू. तबकडी पुढे प्रसिद्ध झाली. तिच्यावर संचालक म्हणून नाव इस्त्वान केर्तेस यांचंच आहे.